पॉमच्या गुडघ्याची वाटी सरकते म्हणाले डॉक्टर, आता पेट इन्शुरन्स काढून उपयोग आहे का? ठाण्यातल्या कोणी काढलाय का?

बुंदीची_आई, ठाणे

नमस्कार सगळ्यांना. जरा मोठं लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही म्हणून सांभाळून घ्या.

आम्ही कासारवडवलीला राहतो, घोडबंदर रोडला. घरी मी, मिस्टर, सासूबाई आणि आमची बुंदी. बुंदी टॉय पॉम आहे, म्हणजे छोटी पॉमेरेनियन कुत्री, १४ महिन्यांची, वजन ४ किलो २००. तीन आठवड्यांपूर्वी संध्याकाळी खाली फिरवताना ती मागचा उजवा पाय एकदम वर घ्यायची, तीन-चार पावलं लंगडी घातल्यासारखी उड्या मारत जायची आणि मग काही झालंच नाही अशी पळायला लागायची. मला वाटलं काटा बोचला असेल, पंजा बघितला तर काहीच नाही. सासूबाई म्हणाल्या, अगं हे ती सोफ्यावरून उडी मारली की पण करते, मी दोन महिने बघतेय. मग घेऊन गेलो दवाखान्यात. डॉक्टरांनी पाय हातात धरून नुसता फिरवला आणि वाटी सरकलेली मला माझ्या बोटाला लागली, तेव्हा कसंतरीच झालं. एक्स-रे काढला. उजवा ग्रेड २ म्हणाले, डावा पण जरा सैल आहे. आत्ता ऑपरेशन नको, वजन कमी करा, पण वाढलं तर एका पायाचे ५५ ते ६० हजार धरून चाला असं सांगितलं.

आता खर्चाचं सांगते. बुंदीला आणल्यापासून लसी, जंताची औषधं, गोचिडांची गोळी, ग्रूमिंग, खाणं हे सगळं धरून महिन्याला साडेतीन ते चार हजार जातातच, ते आम्ही ठरवून घेतलेलं आहे, त्याची तक्रार नाही. पण एकदम ६० हजार, आणि दुसरा पाय पण आला तर १ लाख २० हजार, ही रक्कम आमच्याकडे पडून नसते हो. फ्लॅटचा हप्ता चालू आहे. मिस्टरांनी एका ओळखीच्या एजंटला फोन केला तर तो म्हणाला पेट इन्शुरन्स आहे, घ्या, फक्त फॉर्ममध्ये 'आधीचा आजार' याच्यापुढे नाही लिहा आणि ही दवाखान्याची फाईल दाखवू नका, दुसऱ्या डॉक्टरांकडून फिटनेसचं सर्टिफिकेट आणा, चार-सहा महिन्यांनी ऑपरेशन करा म्हणजे क्लेम बसेल.

मला हे पटत नाहीये पण मिस्टर म्हणतात सगळे असंच करतात. खरंच करतात का? आणि खरं लिहून घेतला तर त्या पॉलिसीचा उपयोग काय उरतो? की सरळ दर महिन्याला पैसे बाजूला टाकावेत? छोट्या जातीच्या कुत्र्यांचा अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा. बुंदी आमच्या घरातलं सगळ्यात लहान माणूस आहे, तिच्या बाबतीत पैशावरून निर्णय घ्यायची वेळ येऊ नये एवढंच वाटतं.

कोपरखैरणे_डॅशी

ताई आधी एकच, फॉर्मवर खोटं लिहू नका, बाकी सगळं नंतर.

मी माझा क्लेमचा अनुभव सांगते म्हणजे तुम्हाला आकडे कळतील. आमचा डॅशहुंड, नाव शेरू, आता ५ वर्षांचा. आम्ही त्याची पॉलिसी तो पाच महिन्यांचा असताना काढली, तेव्हा फाईलमध्ये लसींशिवाय काही नव्हतं. मागच्या पावसाळ्यात पाम बीच रोडला भुट्टा खाल्ला आम्ही, मुलाने खाऊन टाकलेलं कणीस खाली पडलं होतं आणि शेरूने त्याचा तुकडा कधी गिळला कोणालाच कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून उलट्या. पहिल्यांदा वाटलं पोट बिघडलं, दही-भात दिला, तोही बाहेर. एक्स-रेमध्ये तुकडा नीट दिसला नाही, नुसता गॅस, मग सोनोग्राफीत आतड्यात अडकलेलं दिसलं आणि त्याच रात्री पोट उघडावं लागलं. चार रात्री दवाखान्यात होता. मी रोज ऑफिसमधून सुटून थेट तिथे जाऊन बसायचे.

बिल झालं ५८,४०० रुपये. सगळे आधी आम्हीच भरले, कार्डावर, कारण कुत्र्यांच्या बाबतीत कॅशलेस आम्हाला तरी मिळालं नाही, भरा आणि मग मागा. त्यातले ९,४०० त्यांनी बसत नाहीत म्हणून काढले, पहिल्या दोन दिवसांची ओपीडी, ऑपरेशननंतरच्या स्पेशल खाण्याचे डबे, गळ्याचा प्लास्टिकचा कोन वगैरे. राहिले ४९,०००. त्यावर २० टक्के आमचा वाटा, म्हणजे ९,८०० गेले. हातात आले ३९,२०० आणि ते यायला ३४ दिवस लागले, मध्ये दोनदा कागद परत मागितले कारण एका बिलावर डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर नव्हता आणि दुसऱ्यावर शेरूचं नावच नव्हतं, नुसतं माझं आडनाव.

वर्षाचा हप्ता ४,२०० च्या आसपास भरत होतो, चार वर्षांत सुमारे १६,८०० भरले असतील, आणि ३९ हजार परत आले. मी तरी म्हणेन उपयोग झाला. पण खरं सांगू का, डॅशहुंडला ज्याची भीती असते ते म्हणजे पाठीच्या मणक्याची गादी सरकणं, लांब पाठ आणि आखूड पाय असल्यामुळे या जातीत ते फार दिसतं, आणि आमच्या पॉलिसीत आनुवंशिक आजार वगळलेले आहेत. म्हणजे ज्या गोष्टीसाठी रात्री झोप उडते तीच त्यात नाही. म्हणून आमच्याकडे सोफ्याला उतरती फळी लावलीय आणि जिना चढायला बंदी.

ऐरोलीकर८१

माझं मत वेगळं आहे. पेट इन्शुरन्सच्या भानगडीत पडू नका. शिह त्झू आहे आमच्याकडे, ७ वर्षं झाली, आजवर डोळ्यांचे ड्रॉप, कानाचं इन्फेक्शन, दात साफ करणं, टिक फिव्हर म्हणजे गोचिडांमुळे येणारा ताप, एवढंच झालं आणि यातलं बहुतेक ओपीडी आहे, ते साध्या पॉलिसीत मिळत नाही, ओपीडीवाला प्लॅन घेतला तर हप्ता इतका की त्यापेक्षा खिशातून भरलेलं परवडतं. आम्ही पोस्टात आरडी केली, महिना १,५०० रुपये, पाच वर्षांत नुसते भरलेलेच ९०,००० होतात, वर व्याज. पैसा आपला, कुठला फॉर्म नाही, कोणी विचारणार नाही की हा आजार कधीपासून होता.

क्लेम_टेबलवरून, ठाणे पूर्व

मी ११ वर्षं जनरल इन्शुरन्समध्ये क्लेमचं काम केलं, आता सोडलंय. कंपनीचं नाव घेत नाही, गरजही नाही, सगळीकडे वाचायचं तेच असतं.

ताई, त्या एजंटचं पहिलं वाक्य ऐकूनच वाईट वाटलं, कारण शेवटी टेबलासमोर रडत बसलेला माणूस एजंट नसतो, तुम्ही असता. असे क्लेम कसे पकडले जातात ते सांगतो. ऑपरेशनचा क्लेम आला की आम्ही पहिल्या दिवसापासूनचे सगळे केस पेपर मागतो. वाटी सरकण्याचं ऑपरेशन म्हटल्यावर प्रश्न हाच पडतो की हे लंगडणं सुरू कधी झालं. लसीचं पुस्तक बघतो, त्यावर कुठल्या दवाखान्याचा शिक्का आहे ते बघतो, तिथे फोन जातो. तुमचा एक्स-रे त्यांच्या कॉम्प्युटरवर तारखेसकट आहे. विमा हा विश्वासावरचा करार आहे, माहिती लपवली की फक्त गुडघ्याचा क्लेम जात नाही, अख्खी पॉलिसी रद्द होऊ शकते. आणि मग उद्या तिला रस्त्यावर भटक्या कुत्र्याने चावलं, जे टॉय जातीच्या बाबतीत अगदी होण्यासारखं आहे, तर त्याचेही पैसे नाहीत. शिवाय जे डॉक्टर डोळे झाकून फिटनेस लिहून देतील त्यांच्या हातात तुम्ही बुंदी देणार आहात का, हाही विचार करा.

आता खरं लिहून घेतली तर काय उरतं? बरंच उरतं. कंपनी एकतर नाही म्हणेल, किंवा गुडघा वगळून बाकीचं कव्हर देईल. अपघात, चावा, गिळलेली वस्तू, विषबाधा, गर्भाशयात पू होणं, स्वादुपिंडाला सूज, पोटाची ऑपरेशनं, हे सगळं गुडघ्यापेक्षा वेगळं आहे. अर्थात यातलं काय काय कव्हर होतं ते प्रत्येक पॉलिसीत निराळं, म्हणून वर्डिंग, म्हणजे पॉलिसीचा पूर्ण मजकूर, मागवाच. जाहिरातीचं रंगीत पान मागू नका, पूर्ण वर्डिंगची पीडीएफ मागा. त्यात वगळलेल्या गोष्टींचं पान आधी वाचा आणि पुढचं पान नंतर. आनुवंशिक आणि जन्मजात याची व्याख्या काय दिलीय, दाताचं काय, टिक फिव्हर आहे का, आजाराला वेटिंग पीरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर कव्हर सुरू होईपर्यंतचा काळ, किती दिवसांचा, तुमचा वाटा किती टक्के, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकूण रकमेच्या आत प्रत्येक गोष्टीला वेगळी मर्यादा आहे का. वर मोठी रक्कम लिहिलेली असते आणि ऑपरेशनच्या ओळीत त्यातला एक तुकडाच असतो, लोक इथे फसतात. तुमच्या केसमध्ये अजून एक विचारा, लेखी विचारा, की उजवा गुडघा वगळला तर डाव्याला कव्हर आहे की तोही वगळला. फोनवरचं उत्तर धरू नका, मेलवर घ्या.

कुत्र्याचा विमा आपल्याकडे अगदी नवा नाही. सरकारी कंपन्या पूर्वीपासून देतात, पण त्याचा साचा गाय-म्हशींच्या विम्याचा, जनावर दगावलं तर रक्कम. दवाखान्याच्या खर्चाचा विचार करणारी पॉलिसी बजाज अलियान्झने २०२० मध्ये आणली आणि नंतर इतरही आले. म्हणजे हे सगळं अजून कोवळं आहे, त्याआधी कोणाला विचारायलाही जागा नव्हती.

वयाचंही बघा. नवीन पॉलिसी कितव्या वर्षापर्यंत मिळते आणि रिन्यू कितव्या वर्षापर्यंत होते, हे दोन वेगळे आकडे असतात. पॉमेरेनियन नीट सांभाळला तर १२ ते १६ वर्षं जगतो. बऱ्याच पॉलिसी दहाव्या वर्षाच्या आसपास हात सोडतात. म्हणजे जिथून खरा खर्च सुरू होतो तिथे कव्हर संपतं. यासाठी ऐरोलीकरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, पैसे बाजूला टाकायलाच हवेत. पण पहिल्या वर्षी कणीस गिळलं तर आरडीत १८ हजारच असतात, विमा त्या मधल्या वर्षांसाठी आहे. आणि ऐरोलीकर, पोस्टाची आरडी तीन वर्षं तरी मध्येच बंद करता येत नाही, बारा हप्ते झाल्यावर अर्ध्या रकमेपर्यंत कर्ज मिळतं एवढंच. रात्री दोन वाजता दवाखाना ऍडव्हान्स मागतो तेव्हा पोस्ट उघडं नसतं. बँकेची आरडी किंवा वेगळं सेव्हिंग खातं ठेवा, जे मोबाईलवरून लगेच मोडता येईल.

मायक्रोचिप बसवून घ्या. तांदळाच्या दाण्याएवढी असते, १५ आकडी नंबर असतो, ओळखीचा वाद राहत नाही. बिलावर डॉक्टरांचा कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर, कुत्र्याचं नाव, चिप नंबर, तारीख, हे दवाखान्यातून निघायच्या आधी तिथेच तपासा, कोपरखैरणेच्या ताईंचे ३४ दिवस त्यातच गेलेले दिसतात. क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी द्या, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, तिथे फी नाही आणि वकील लागत नाही. पण तिथेही पहिला कागद बघतात तो तुम्ही भरलेला फॉर्म.

बुंदीची_आई, ठाणे

दादा खूप खूप आभार. मिस्टरांना वाचून दाखवलं, ते गप्पच झाले, म्हणाले फॉर्म मी परत भरतो. अख्खी पॉलिसी रद्द होऊ शकते हे आम्हाला माहीतच नव्हतं.

अजून एक विचारते, ग्रेड २ म्हणजे ऑपरेशन होणारच असं असतं का? नेटवर वाचून वाचून मला रडूच येतं, कोणी म्हणतं लगेच करा, कोणी म्हणतं आयुष्यभर काही होत नाही.

खारघर_पशुवैद्य

बुंदीच्या आई, नेट बंद करा आधी. मी पशुवैद्य आहे, बुंदीला तपासलेलं नाही त्यामुळे तुमच्या डॉक्टरांच्या वर जाऊन काही सांगत नाही, पण ग्रेड म्हणजे काय ते समजलं की भीती कमी होते.

गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावरच्या एका खाचेतून वर-खाली होते. छोट्या जातींमध्ये ती खाच उथळ असते किंवा पायाची रेषाच जरा आत वळलेली असते, म्हणून वाटी आतल्या बाजूला घसरते. ग्रेड १ मध्ये आम्ही ढकलली तर सरकते आणि आपोआप जागेवर येते. २ मध्ये स्वतःहून सरकते आणि पाय झटकला की परत बसते, बुंदीच्या त्या तीन-चार उड्या म्हणजे हेच. ३ मध्ये बहुतेक वेळ बाहेरच असते पण हाताने बसवता येते. ४ मध्ये हातानेही बसत नाही. ग्रेड २ ची कितीतरी कुत्री मी वर्षानुवर्षं बिनऑपरेशनची बघतोय. ज्यांना वरचेवर दुखतं, लंगडणं वाढतं, किंवा ग्रेड वर सरकते, त्यांचं ऑपरेशन करावं लागतं. तेव्हा उशीर करू नये, कारण घासून घासून कूर्चा झिजते.

तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. पहिलं वजन. ४ किलो २०० टॉय पॉमला जास्तच वाटतं, किती असावं ते तुमचे डॉक्टर बरगड्या चाचपून सांगतील, पण अर्धा किलो म्हणजे तिच्या शरीराचा आठवा भाग आहे हे लक्षात घ्या, आपल्या ६० किलोच्या माणसाचे सात किलो. पोळीचा तुकडा, बिस्किट, पनीर, सगळ्यांनी मिळून दिवसाला किती जातं ते एक दिवस वाटीत जमा करून बघा. दुसरं फरशी. आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाईल्स या कुत्र्यांच्या गुडघ्यांच्या शत्रू आहेत. ती जिथून जिथे पळते त्या वाटेवर चटया किंवा रबरी मॅट टाका, पंजाच्या गाद्यांमधले केस कापत राहा, नखं वाढू देऊ नका. सोफ्यावरून आणि बेडवरून उडी बंद. फिरवणं बंद करू नका मात्र, सपाट रस्त्यावर रोज चाललं तर मांडीचे स्नायू वाटीला धरून ठेवतात.

पॉम आहे म्हणून अजून दोन-तीन गोष्टी, ज्यांच्यावर आज पैसे घातले तर उद्याचे वाचतात. गळ्यात पट्टा नको, छातीचा हार्नेस वापरा. या जातीत श्वासनलिका चपटी होण्याचा त्रास असतो, हंसासारखा कर्कश खोकला येतो. उदबत्ती, धूप, डासांची कॉईल तिच्या खोलीत लावू नका. दात रोज घासा, कुत्र्यांच्या पेस्टनेच, माणसांची पेस्ट नको. छोट्या जबड्यात दात दाटीने असतात, कीटण लवकर साचतं. दुधाचे सुळे अजून शिल्लक आहेत का बघा, नव्या सुळ्याशेजारी जुना उभा असेल तर तो काढावा लागतो. स्पे, म्हणजे पिल्लं होऊ नयेत म्हणूनचं मादीचं ऑपरेशन, झालं नसेल तर ते ठरवा आणि दात काढायचे असतील तर त्याच भुलीत काढून घ्या, दोनदा भूल आणि दोनदा खर्च कशाला. स्पे न केलेल्या मादीला पाळीनंतर काही आठवड्यांत गर्भाशयात पू होऊ शकतो, फार पाणी पिते, जेवण सोडते, कधी खालून स्राव येतो कधी येतही नाही. ते ऑपरेशन तातडीचं, जिवावरचं आणि ठरवून केलेल्या स्पेच्या कितीतरी पट महाग असतं. मी दर पावसाळ्यात एक-दोन तरी बघतो आणि दर वेळी वाटतं की हे टळलं असतं.

गोचिडांची गोळी बाराही महिने. आपल्याकडच्या दमट हवेत गोचीड हिवाळ्यातही सुटी घेत नाही. लेप्टोची लस दर वर्षी, पाणी तुंबतं आणि उंदीर सगळीकडे आहेत, आणि तो आजार कुत्र्याकडून माणसालाही होतो. लसी चुकल्या तर त्या आजारांचा क्लेमही बसत नाही, दादांनी लिहायचं राहिलं असेल. आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन अजिबात देऊ नका, चार किलोच्या जिवाला एक गोळीही घातक ठरू शकते.

ऑपरेशनची वेळ आलीच तर हाडांचंच काम करणाऱ्या सर्जनला दाखवा आणि खर्चाचा अंदाज लेखी मागा, भूल, रक्ततपासणी, एक्स-रे, नंतरच्या भेटी धरून. मागायला लाजू नका, आम्हाला राग येत नाही. परळला व्हेटरनरी कॉलेजचा दवाखाना आहे, शिकवण्याचा असल्यामुळे तिथले दर खाजगीपेक्षा बरेच कमी असतात, गर्दी मात्र असते. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं हॉस्पिटल २०२४ च्या जुलैपासून सुरू आहे, २४ तास. ठाण्याहून रात्री रस्ता मोकळा असतो, नंबर आणि पत्ता फ्रीजवर लावून ठेवा.

नौपाड्याचे_काका

मुली, तुझी पोस्ट वाचून आमच्या सोन्याची आठवण आली म्हणून लिहितो. पांढरा स्पिट्झ, लोक पॉमच म्हणायचे त्याला. तलावपाळीला रोज सकाळी आम्ही दोघं जायचो, चणेवाल्यापासून फुलवालीपर्यंत सगळे त्याला ओळखायचे. साडेतेरा वर्षांचा होऊन गेला, आता दीड वर्ष झालं.

अकराव्या वर्षी डॉक्टरांना छाती तपासताना हृदयात आवाज ऐकू आला. छोट्या कुत्र्यांत वयानुसार हृदयाची एक झडप जाड होते आणि रक्त उलटं गळतं, असं समजावून सांगितलं. टू-डी इको केला, हृदय मोठं झालं होतं पण अजून फुप्फुसात पाणी नव्हतं. पिमोबेंडान ही हृदयाची गोळी सुरू केली, दिवसातून दोनदा, खाण्याच्या तासभर आधी. २०१६ साली यावर मोठा अभ्यास झाला होता म्हणे, हृदय वाढलेलं असताना पण लक्षणं दिसायच्या आधी गोळी सुरू केली तर पुढचा टप्पा साधारण १५ महिने लांबतो. आमच्या सोन्याला त्याहून जास्त मिळाले. मी रोज रात्री तो झोपला की घड्याळ लावून त्याचे श्वास मोजायचो, मिनिटाला ३० च्या आत हवेत, वहीत लिहायचो. ती वही अजून आहे.

औषधं आणि तपासण्या धरून महिन्याला २,८०० ते ३,२०० रुपये लागायचे, शेवटच्या सहा महिन्यांत लघवीची गोळी वाढली, वरचेवर एक्स-रे, तेव्हा ५ हजारांवर गेलं. विमा नव्हता आणि त्या वयात कोणी दिलाही नसता. पण मी निवृत्त झालो तेव्हा बायकोने त्याच्या नावाने एक खातं वेगळं काढलं होतं, खातं तिच्याच नावाचं पण आम्ही सोन्याचं खातं म्हणायचो. दर महिन्याला पेन्शन आली की हजार रुपये त्यात, नंतर दीड हजार. अडीच वर्षं एकदाही मला डॉक्टरांना असं म्हणावं लागलं नाही की ही गोळी परवडत नाही. शेवटच्या रात्रीही पैशाचा विचार मनात आला नाही, नुसता त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसलो होतो. तुमच्यासाठी मला तेवढंच हवं आहे. विमा काढा न काढा, पण ते खातं या महिन्यातच उघडा, आत्ता बुंदी १४ महिन्यांची आहे, तुमच्याकडे वेळ आहे.

ऐरोलीकर८१

काका, डोळ्यात पाणी आलं. आणि आरडीचं दादांनी सांगितलं ते बरोबर आहे, आमची सुरू करताना हे कोणी सांगितलं नव्हतं, आता निदान २५ हजार वेगळ्या खात्यात ठेवतो.

बुंदीची_आई, ठाणे

सव्वा महिन्याने परत येतेय, तुम्हा सगळ्यांना सांगायचंच होतं.

दुसऱ्या सर्जनना दाखवलं. उजवा ग्रेड २ च, डावा १. ऑपरेशन आत्ता नाही, तीन महिन्यांनी परत बोलावलंय. अंदाज लेखी घेतला, एका पायाचे ५२,००० ते ५८,०००. खाण्याचं वाटीत जमा करायला सांगितलं होतं ना, ते केलं, संध्याकाळी वाटी बघून आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. सासूबाई तिला चहाबरोबर ग्लुकोज बिस्किट द्यायच्या, ते त्यांनी स्वतःहून बंद केलं, आता गाजराचा तुकडा देतात. वजन ३ किलो ८५० वर आलंय. हॉलपासून किचनपर्यंत रबरी मॅट टाकली, सोफ्यापुढे जुनी गादी घडी करून पायरी केली. लंगडणं रोज दिसायचं ते गेल्या आठवड्यात एकदाच दिसलं.

फॉर्म मिस्टरांनी भरला, दोन्ही गुडघ्यांचं सगळं लिहिलं, एक्स-रे जोडला. एका कंपनीने नाही म्हणून कळवलं. दुसरीने दोन्ही गुडघे आणि त्यासंबंधीचं सगळं वगळून पॉलिसी दिली, मेलवर तसं लिहून आलंय, टिक फिव्हर आहे, ओपीडी नाही, आमचा वाटा १० टक्के. हप्ता ३,९०० रुपये. चिप बसवली. काका, खातं उघडलं, महिना २,००० टाकणार आहोत, गुडघ्याचे पैसे त्यातूनच उभे करायचे असं ठरलंय. सासूबाईंनी पहिले पाच हजार त्यांच्या पेन्शनमधून टाकले, न सांगता.

डॉक्टर, तुम्ही म्हणालात तसं दात बघितले, उजवीकडचा दुधाचा सुळा खरंच तसाच उभा आहे. स्पे आणि दात एकत्र पुढच्या महिन्यात ठरलंय. भुलीच्या आधी कोणत्या तपासण्या मागून घेऊ, आणि एवढ्या छोट्या जिवाला किती तास उपाशी ठेवायचं असतं?

खारघर_पशुवैद्य

वजनाचं वाचून फार बरं वाटलं, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. भुलीआधी पूर्ण रक्ततपासणी, लिव्हर आणि किडनीचे आकडे, प्लेटलेट, आणि छाती नीट ऐकून घ्यायला सांगा, गोचिडांचा इतिहास असेल तर टिक फिव्हरची टेस्टही. उपाशी किती तास ते तुमचे भूल देणारे डॉक्टरच तिच्या वजनाप्रमाणे सांगतील, स्वतःहून जास्त वेळ ठेवू नका, टॉय जातीत साखर पटकन खाली जाते. म्हणून सकाळचा पहिला नंबर मागून घ्या. शुद्धीवर येताना ती थंडीने कुडकुडेल, घरून तिची रोजची चादर घेऊन जा.

बुंदीची_आई, ठाणे

पहिला नंबर मिळाला, सकाळी साडेनऊ. चादर आजच धुवून ठेवते.